प्रसंग काढून बघा, गोष्ट हलते का?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की कथा, कादंबरी, एकांकिका लिहिताना कथानकाचं नक्की कुठे अडतं ते कळवा. पत्रं आणि मेल भरपूर आले, बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत, लांबलचक किस्से कापलेत (राग मानू नका), आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत कारण निम्म्या लोकांनी घरातल्याच भानगडी कथा म्हणून पाठवल्यात.

प्रश्न : ताई, माझी वीस पानांची कथा एका संपादकांनी "कथानक नाही" एवढाच शेरा मारून परत पाठवली. कथेत लग्न आहे, अपघात आहे, परदेशी जाणं आहे, जिवलग मित्राचा मृत्यू आहे. एवढं सगळं घडतंय, मग अजून कथानक म्हणजे असतं तरी काय?

उत्तर : घडतंय खूप, पण एकामुळे दुसरं घडत नाहीये, एकानंतर दुसरं घडतंय. तुम्ही कथा सोबत जोडली होती म्हणून वाचली. नायकाचं लग्न होतं, मग अपघात होतो, तीन महिने झोपून राहतो, बरा होतो, परदेशी जातो, तिकडे असताना मित्र जातो, हा परत येतो. मी काय केलं, अपघाताची चार पानं बाजूला ठेवली आणि पुढे वाचलं, तर पुढचं एक वाक्यसुद्धा बदलावं लागलं नाही. मग लग्न काढलं. तरी काही फरक नाही, बायको बिचारी नंतर कुठे येतच नाही.

ही प्रसंग काढून बघायची परीक्षा माझी नव्हे, ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलची आहे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. त्याने 'पोएटिक्स'मध्ये स्पष्ट म्हटलंय की एखादा भाग असला काय नि नसला काय, काहीच फरक पडत नसेल तर तो त्या गोष्टीचा भागच नव्हे. आणि त्याच जागी तो असंही सांगतो की सगळं एकाच माणसाच्या बाबतीत घडलं म्हणून त्याची एक गोष्ट होत नाही, हेराक्लीस हा ग्रीक पुराणातला वीर एकच होता म्हणून त्याचं सगळं आयुष्य मिळून एक कथानक होईल असं समजणारे कवी चुकले. पुढे १९२७ मध्ये ई. एम. फॉर्स्टर या इंग्लिश कादंबरीकाराने हेच दोन ओळींत बसवलं : राजा मेला आणि मग राणी मेली, ही गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक.

आता तुमचाच माल घेऊन बघू. समजा अपघाताच्या वेळी गाडी नायक चालवत होता आणि शेजारी तोच मित्र बसलेला होता. नायकाला खरचटलं, मित्राचा पाय गेला. नायकाने शब्द दिला की तुझ्या घराचा खर्च माझ्याकडे, आणि तेवढे पैसे इथे मिळत नाहीत म्हणून तो परदेशी गेला, आणि नवीन लग्न झालेल्या बायकोला हे मान्य नव्हतं. आता मित्र जातो तेव्हा नायक परत येईल की तिकडेच राहील, पैसे पाठवणं चालू ठेवेल की सुटलो म्हणेल, बायको काय म्हणेल, हे सगळे प्रश्न आपोआप उभे राहतात. घटना त्याच चार आहेत, एकही वाढवलेली नाही. आता त्यातली एक काढून दाखवा.

प्रश्न : मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. एका नोट्समध्ये कथानकाचे पाच घटक दिलेत, दुसरीकडे सहा, तिसरीकडे सात. खरे किती? आणि क्लायमॅक्स मधे असतो की शेवटी? दोन सरांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

उत्तर : आकड्यावर भांडू नका. आधी परिस्थितीची ओळख होते, मग ती परिस्थिती मोडणारा एखादा प्रसंग घडतो, मग पेच वाढत जातो, मग उत्कर्षबिंदू म्हणजेच क्लायमॅक्स, मग उतरण आणि शेवटी उकल. ती परिस्थिती मोडणारी ठिणगी कुणी वेगळी मोजतं, कुणी ओळखीतच धरतं, कुणी उकल आणि शेवट वेगळे करतं, म्हणून पाचाचे सात होतात.

क्लायमॅक्सबद्दल तुमचे दोन्ही सर आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलतायत. नोट्समध्ये जो त्रिकोण काढलेला असतो तो गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकाचा, १८६३ सालच्या त्याच्या नाट्यतंत्रावरच्या पुस्तकातला. त्याच्यासमोर होती पाच अंकी नाटकं, मुख्यतः शोकांतिका, त्यामुळे त्याचं शिखर बरोबर मधे येतं, तिसऱ्या अंकात. तिथे पारडं फिरतं आणि मग नायक घसरत घसरत शेवटच्या सर्वनाशापर्यंत जातो. आजकाल सिनेमावाले आणि आपण सगळेच क्लायमॅक्स म्हणतो तो शेवटचा मोठा सामना, तो शेवटाजवळ असणारच. पेपरात फ्रायटागचं नाव असेल तर मधे लिहा, नसेल तर कुठला अर्थ धरलाय ते एका ओळीत सांगून टाका, मार्क कापायला जागाच ठेवू नका.

आणि एक, नोट्समध्ये बहुतेक नसेल म्हणून सांगते. भरताच्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था आहेत : प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (मिळेल अशी आशा), नियताप्ति (मिळणार हे नक्की), फलागम (फळ हाती येणं). पाचाला पाच जुळवून लोक म्हणतात बघा आपल्याकडे हे आधीच होतं. आधी होतं हे खरं, पण तेच होतं हे खरं नाही. फ्रायटागच्या चौथ्या टप्प्यावर माणूस खाली जात असतो आणि भरताच्या चौथ्या टप्प्यावर हवं ते मिळणार हे नक्की होत असतं. भरत मोजतोय ते नायकाला जे फळ हवंय ते किती जवळ आलं ते, म्हणून त्याची रेघ वेड्यावाकड्या वाटेने का होईना पण फळापाशी पोचते. चौथ्या ठिकाणी दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला आहेत हे उत्तरात लिहिलंत तर तपासणारा खूश होईल.

प्रश्न : मी एकांकिका लिहितोय. वडील गेल्यानंतर घर विकायला भाऊबहीण भेटतात, तीन वर्षं त्यांच्यात अबोला आहे, कारण वडिलांच्या आजारपणात बहीण आली नव्हती. एवढी सगळी पार्श्वभूमी सुरुवातीला प्रेक्षकाला कशी सांगू? दिग्दर्शक म्हणतो पहिली दहा मिनिटं मरगळलेली आहेत.

उत्तर : दिग्दर्शकाचं ऐका. तुमच्या पहिल्या पानावर भाऊ म्हणतो, "तुला माहीतच आहे, बाबांना जाऊन आता सहा महिने झाले आणि आपण तीन वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही." तिला माहीतच आहे तर तो तिला सांगतोय कशाला? तो बोलतोय प्रेक्षकाशी, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

त्याऐवजी असं करून बघा. पडदा उघडतो, बेल वाजते, भाऊ दार उघडतो, दारात बहीण.

"बेल कशाला वाजवलीस? किल्ली आहे ना तुझ्याकडे."

"आहे. म्हटलं कुलूप बदललं असेल."

बस. हे तिचं पण घर आहे, ती बऱ्याच दिवसांनी येतेय, तिला भावाबद्दल संशय आहे आणि तिला परकं वाटतंय, सगळं आलं. तीन वर्षांचा आकडा हवा असेल तर नंतर कुठेतरी येईल, नाही आला तरी कुणी तिकिटाचे पैसे परत मागणार नाही. आणि ती वडिलांच्या आजारपणात का आली नाही हे तर अजिबात सांगू नका! तुमच्याकडे तेवढा एकच हुकमाचा एक्का आहे आणि तुम्ही तो दुसऱ्याच मिनिटाला टाकून बसलात. प्रेक्षकाला आधी "ही का आली नसेल" असं वाटू द्या, वाट बघू द्या, मग सांगा.

मागचं-मधलं सांगायची अडचण जुनीच आहे. संस्कृत नाटकात त्यासाठी वेगळी सोयच होती, विष्कंभक आणि प्रवेशक, म्हणजे अंकाच्या तोंडाशी दुय्यम पात्रांचा छोटा प्रवेश, त्यात मधे काय झालं ते कळतं. पण कालिदासाने 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकाच्या सुरुवातीला या सोयीचं काय केलंय ते बघा. दोघी मैत्रिणी फुलं तोडत गप्पा मारतायत, दुष्यंत निघून गेलाय हे आपल्याला त्यातून कळतं, आणि एवढ्यात पडद्यामागून दुर्वासाची हाक येते. शकुंतला आपल्याच तंद्रीत, तिला ना तो आलेला कळतो ना त्याने दिलेला शाप ऐकू येतो. एक मैत्रीण धावत जाऊन ऋषीला विनवते, ओळखीची खूण दाखवली की शाप संपेल एवढी सवलत मिळवते, आणि दोघी ठरवतात की शकुंतलेला यातलं काही सांगायचं नाही. अख्ख्या नाटकाला वळण देणारी घटना त्याने माहिती देण्याच्या जागेत टाकलीये, तीही पडद्याआड, आणि जिच्यावर बेतलंय तिलाच ती माहीत नाही, दोघी मैत्रिणींना आणि आपल्याला मात्र माहीत आहे! इथून पुढे शकुंतला यातलं काहीच माहीत नसताना सासरी निघते आणि आपण खुर्चीत चुळबुळत बसतो.

प्रश्न : माझ्या कथेत खलनायक नाही, भांडण नाही, सगळी माणसं चांगली आहेत. संघर्ष हवाच का?

उत्तर : भांडण नको, खलनायकही नको. पण कुणाला तरी काहीतरी हवं असू द्या आणि ते मिळायला काहीतरी आडवं येऊ द्या. वर लिहिलेल्या भावाला घर विकायचंय कारण मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत, आणि बहिणीला घर ठेवायचंय कारण ती तिथे एकदा शेवटचं राहणार होती ते राहूनच गेलं. दोघंही चांगली माणसं, दोघांचंही खरं, आणि सही मात्र दोघांची लागते. चांगल्या माणसांचा पेच उलट जास्त घट्ट बसतो, वाईट माणसाला हरवलं की गोष्ट संपते, चांगल्याला हरवलं की जिंकणाऱ्यालाही झोप लागत नाही.

आणि संघर्ष हेच एक इंजिन आहे असंही समजू नका. चीन-जपानकडे चार टप्प्यांची एक जुनी रीत आहे, चिनी चार ओळींच्या कवितेतून आलेली आणि आज जपानी चार चौकटींच्या कॉमिकमध्ये सर्रास दिसणारी : आधी एक गोष्ट मांडा, ती थोडी पुढे न्या, मग एकदम भलत्याच बाजूने काहीतरी आणा, आणि शेवटी दोन्हींचा मेळ घाला. त्यात टक्कर असलीच पाहिजे असं नाही. मात्र काढून बघायची परीक्षा तिथेही लागू आहे, तिसरा टप्पा काढला तर पहिले दोन नुसतं वर्णन होऊन बसतात.

प्रश्न : माझ्या मामाच्या बाबतीत खरंच घडलेली गोष्ट आहे. लहानपणी ताटातूट झालेला भाऊ बावीस वर्षांनी रेल्वेच्या डब्यात त्याच्या समोरच्याच सीटवर बसलेला निघाला. मी जशीच्या तशी कथा लिहिली तर सगळे म्हणतात फिल्मी आहे, पटत नाही. खरं असून पटत नाही म्हणजे काय?

उत्तर : खरं आहे हा पुरावा कोर्टात चालतो, कथेत नाही चालत. ॲरिस्टॉटलच म्हणतो, घडू शकेल पण पटणार नाही अशा गोष्टीपेक्षा, घडणं अशक्य पण पटेल अशी गोष्ट कवीने घ्यावी. भुतं, बोलणारे प्राणी, उडते घोडे आपण बिनतक्रार वाचतो, मात्र समोरच्या सीटवरचा भाऊ घशाखाली उतरत नाही, आणि त्यात वाचकाचं काही चुकत नाही.

योगायोगाचा एक गमतीशीर दाखला त्यानेच दिलाय. आर्गोस शहरात मिटिस नावाच्या माणसाचा पुतळा होता, आणि मिटिसच्या मृत्यूला जो जबाबदार होता तोच तो पुतळा बघत असताना पुतळा त्याच्या अंगावर कोसळला आणि तो मेला. आता हा शुद्ध अपघात, पण ऐकताना असं वाटतंच की मिटिसने हिशोब चुकता केला. म्हणजे योगायोगसुद्धा आधीच्या कर्माशी जोडलेला वाटला की चालून जातो.

तुमच्या कथेची खरी अडचण जागेची आहे. भाऊ सापडतो शेवटच्या पानावर, आणि त्याने सगळं दुःख संपतं. नियम साधा आहे, योगायोगाने माणूस गोत्यात आला तर वाचक हूं की चूं करत नाही, योगायोगाने गोत्यातून सुटला की चिडतो. म्हणून ती रेल्वे उचला आणि पहिल्या पानावर ठेवा. समोर बसलेला माणूस आपला भाऊ आहे हे मामाला त्याच्या कपाळावरच्या खुणेवरून कळलं, त्याला मात्र काही कळलेलं नाही, आणि पुढचं स्टेशन यायला वीस मिनिटं आहेत. सांगायचं की नाही? सांगितलं तर तो विचारेल की इतकी वर्षं शोधलं का नाही, आणि मामाने शोधलं होतं का? कथा इथे सुरू होते.

प्रश्न : फ्लॅशबॅक वापरला की कथानक बिघडतं का? आमच्या लेखन गटात यावरून दोन तट पडलेत.

उत्तर : सांगायचा क्रम आणि घडल्याचा क्रम वेगळा असायला काहीच हरकत नाही, कारणांची साखळी तुटली नाही म्हणजे झालं. सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराच्या 'ईडिपस'मध्ये तर बापाचा खून, आईशी लग्न, सगळं नाटक सुरू व्हायच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं आहे. रंगमंचावर फक्त चौकशी चालू आहे, आणि चौकशी करणाराच गुन्हेगार निघतो. त्यात एक दूत येतो, राजा ईडिपसच्या मनातली भीती घालवावी म्हणून एक गोष्ट सांगतो, आणि नेमकी त्याच गोष्टीने सगळं उघडकीला यायला लागतं. ॲरिस्टॉटल कलाटणीचं उदाहरण म्हणून हाच प्रसंग देतो. एकही फ्लॅशबॅक नाही, तरी सगळा भूतकाळ समोर.

तुमचा फ्लॅशबॅक कुणीतरी खिडकीबाहेर बघत बसलंय म्हणून येत असेल तर तो काढा. आत्ताच्या प्रसंगात कुणाला तरी ते जुनं कळण्याची गरज पडलीये म्हणून येत असेल तर ठेवा, आणि परत वर्तमानात आल्यावर काहीतरी बदललेलं असू द्या.

प्रश्न : पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक दिसली तर शेवटपर्यंत ती उडालीच पाहिजे, हे खरं का?

उत्तर : रशियन नाटककार चेखव असं सांगायचा खरं. आणि त्याच्याच 'चेरी ऑर्चर्ड' नाटकात एकीकडे रायफल आहे, एकाच्या खिशात रिव्हॉल्व्हर आहे, आणि दोन्ही शेवटपर्यंत उडत नाहीत. नवीन असाल तर उडवा.

प्रश्न : माझ्या कथेत शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे, कळतं की हे सगळं नायिकेचं स्वप्न होतं. मित्रमैत्रिणींना आवडलं नाही, फसवलं म्हणाले. ट्विस्ट म्हणजे फसवणूकच ना शेवटी?

उत्तर : मित्रमैत्रिणी बरोबर आहेत. तुम्ही शेवटच्या ओळीत आधीची सगळी पानं स्वतःच काढून टाकलीत. नायिकेने काही केलं नाही, काही गमावलं नाही, वाचक तेवढा वेळ उगाच जीव मुठीत धरून बसला.

चांगली कलाटणी आल्यावर वाचक मागची पानं उलटून बघतो आणि म्हणतो, अरे हे तर इथेच होतं! परत 'शाकुंतला'कडेच जाऊ, कारण अंगठी. मूळ महाभारतातल्या आदिपर्वात ना शाप आहे ना अंगठी. तिथे दुष्यंत भर सभेत शकुंतलेला ओळख देत नाही, त्याला सगळं आठवत असतं, आणि शेवटी आकाशवाणी होते तेव्हा स्वीकारतो आणि म्हणतो की लोकांनी शंका घेऊ नये म्हणून तसं केलं. आकाशवाणी म्हणजे वरून सुटका, आणि राजा तर सरळ खोटं बोललेला. कालिदासाला नायक खोटारडा नको होता म्हणून त्याने विस्मरणासाठी शाप आणला आणि आकाशवाणीची सुटका नको होती म्हणून अंगठी आणली.

आता ती अंगठी कशी पेरलीये ते बघा. पहिल्या अंकात राजा ओळख लपवून बसलाय, मैत्रिणी शकुंतलेची थट्टा करतायत की झाडांना पाणी घालायचं तुझ्याकडे बाकी आहे, आणि ते ऋण फेडायला राजा आपली अंगठी पुढे करतो. तिच्यावर कोरलेलं नाव वाचून दोघी एकमेकींकडे बघतात. हसण्याखिदळण्याचा प्रसंग, कुणाला वाटणार की पुढे सगळं याच्यावर टांगलेलं असेल? चौथ्या अंकात कळतं की जाताना राजाने तिच्या बोटात अंगठी घातली, आणि तिथेच शाप होतो. पाचव्यात ती भर दरबारात अंगठी दाखवायला जाते तर बोट रिकामं, बरोबर आलेली गौतमी म्हणते तीर्थावर वंदन करताना पाण्यात पडली असेल. सहाव्याच्या सुरुवातीला कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते आणि रक्षक त्याला चोर समजून बडवत आणतात. माशाच्या पोटात अंगठी हा केवढा मोठा योगायोग, पण तो आपण गिळतो, कारण या योगायोगाने सुटका होत नाही, राजाची आठवण तेवढी परत येते, आणि आठवण आल्यावर त्याचे खरे हाल सुरू होतात कारण शकुंतला आता कुठे आहे हेच त्याला माहीत नाही. सातव्यात भेट झाल्यावर तो अंगठी परत द्यायला जातो तर ती म्हणते, हिच्यावर माझा विश्वास नाही, तुम्हीच ठेवा! मला हे उत्तर सगळ्या नाटकात जास्त आवडतं.

तुमच्या कथेत स्वप्न ठेवायचंच असेल तर ते अर्ध्यावर मोडा, आणि जागी झाल्यावर नायिकेने त्या स्वप्नामुळे काहीतरी असं करू दे जे परत फिरवता येणार नाही.

प्रश्न : कादंबरीची सुरुवात छान झाली, शेवट डोक्यात पक्का आहे, मधल्या शंभर पानांत मात्र हवा गेलीये. उपकथानक घालू का?

उत्तर : पानं भरायला घालत असाल तर नको. नाट्यशास्त्रात याची दोन नावं आहेत, लांबपर्यंत चालतं ते पताका आणि छोटं येऊन जातं ते प्रकरी. पताकेचं नेहमीचं उदाहरण म्हणजे रामायणातला सुग्रीव. त्याची स्वतःची गोष्ट आहे, भावाशी वैर आहे, गेलेलं राज्य परत हवंय, पण त्याला ते मिळालं की त्याची सेना रामाच्या कामाला लागते. त्याची गोष्ट काढली तर सीतेचा शोध अडतो. तुमच्या नायिकेच्या मैत्रिणीचं प्रेमप्रकरण काढलं तर तुमची काय अडचण होते ते आधी बघा.

बाकी मध्य ढिला पडतो त्याचं माझ्या मते नेहमीचं कारण वेगळंच असतं, नायिका प्रयत्न करते, फसते, परत तोच प्रयत्न करते, परत फसते. चढण अशी हवी की प्रत्येक अपयशाने एक रस्ता कायमचा बंद होतो. पहिल्यांदा ती विनंती करते, नकार आला की विनंतीचा रस्ता संपला. मग ती खोटं बोलते, आणि ते पकडलं गेलं की विश्वास संपला. आता तिच्या हातात जे उरलंय ते पहिल्या प्रकरणात तिने कधीच केलं नसतं. तिथपर्यंत पोचायला शंभर पानं कमी पडतील.

प्रश्न : शेवट वाचकावर सोडला की लोक म्हणतात लेखकाला शेवट सुचला नाही. ओपन एंडिंग करायचीच नाही का?

उत्तर : करा की. पण सुरुवातीला जो प्रश्न उभा केलात तो मिटवा आणि मग बाकीचं खुशाल उघडं सोडा. त्या भाऊबहिणीच्या एकांकिकेत प्रश्न घर विकणार का असा दिसतो, पण तो वरवरचा आहे, आतला प्रश्न हा की ती तेव्हा का आली नाही हे भावाला कधी कळणार का आणि कळल्यावर तो काय करणार. समजा भावाला कळलं की बाबांनीच तिला कळवू नका म्हणून सांगितलं होतं, निरोप दडपणारी भावाची बायको होती, आणि बहिणीला हे माहीत असूनही ती गप्प राहिली. तो कागद तिच्यासमोरून काढून घेतो आणि सही न करता घडी घालतो. घर पुढे विकलं जाईल की नाही? सांगू नका, कुणी विचारणार नाही. पण तिने सही करायला पेन उचललं आणि ब्लॅकआऊट, असं केलंत तर लोक जे म्हणतात ते बरोबरच म्हणतात.

प्रश्न : शेवटचा प्रश्न, पात्रं आधी की कथानक आधी? मी माझ्या कादंबरीतल्या प्रत्येक पात्राची दोन-दोन पानी माहिती तयार केलीये, आवडता रंगसुद्धा ठरवलाय, पण तिसऱ्या प्रकरणापासून गाडी अडलीये.

उत्तर : ॲरिस्टॉटल कथानकाला पहिला नंबर देतो आणि पात्राला दुसरा, आजचे बरेच लेखक उलट सांगतात, आणि दोन्ही बाजूंनी चांगली पुस्तकं लिहिली गेलीयेत. मला विचाराल तर माणूस कसा आहे ते तो दोन हव्या असलेल्या गोष्टींपैकी कुठली सोडतो त्यावरून कळतं, आवडत्या रंगावरून नाही. तुम्ही पाठवलेली तीन प्रकरणं वाचली. नायक पहिल्यात नोकरी सोडतो, दुसऱ्यात जुन्या मैत्रिणीला भेटतो, तिसऱ्यात विचार करतो. तो भित्रा आहे असं तुमच्या दोन पानी माहितीत लिहिलंय, पण तिथे एखादा धीट माणूस ठेवला असता तरी हेच तीन प्रसंग असेच झाले असते. भित्रा माणूस नोकरी सोडेल कशी? त्याला काढून टाकलं असेल आणि घरी त्याने "मीच सोडली" असं सांगितलं असेल. हे खोटं त्याला रोज सांभाळावं लागेल, रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडावं लागेल, आणि ती मैत्रीण त्याला भर दुपारी भलत्याच ठिकाणी बसलेला बघेल. तिसरं प्रकरण फाडून टाका आणि तिने त्याला काय विचारलं तिथून लिहायला घ्या.